कडककाकूंचा नियम

लाँड्रीला मालक एकच होता तेव्हा जगणं फार सोपं होतं. त्याला शिव्या घालायच्या, त्या त्याच्या कानावर जाणार नाहीत एवढी काळजी घ्यायची आणि संध्याकाळी निवांत घरी जायचं. यंत्र बिघडलं तर त्याची चूक, गिऱ्हाईक रागावलं तर त्याची चूक, बाहेर ऊन पडलं नाही तरी त्याचीच. मग एके दिवशी तो माणूस धंदा परवडत नाही म्हणून कुलूप लावायला निघाला, आणि तिथे राबणाऱ्या बायाबापड्यांनी घरातलं किडूकमिडूक विकून ती लाँड्रीच त्याच्याकडून विकत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच मालक होऊन कामावर आले. शिव्या घालायला माणूसच उरला नाही. एकमेकांना घालाव्यात तर त्या मालकाला घातल्यासारख्या व्हायच्या, आणि मालक तिथल्या तिथे दुप्पट परत करायचा.

ही सगळी उठाठेव ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या कडककाकू. आईवडिलांनी त्यांचं नाव चांगलं मऊ ठेवलं होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. काकू गरम रोलरवर होत्या. ओलसर चादरीची दोन टोकं धरायची, हात खांद्याच्या वर नेऊन ती ताणायची आणि रोलरच्या तोंडात अशी सरळ द्यायची की पलीकडून ती कागदासारखी बाहेर यावी. इस्पितळाच्या चादरी, लॉजच्या चादरी, वसतिगृहाच्या चादरी. पलीकडच्या बाजूला चादर धरायला एक उंच बाई असे. तिला सगळे लांबी म्हणत, आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. चादरीला एक जरी चुणी राहिली तर काकू लांबीकडे अशा बघायच्या की जणू तिने कुणाचा तरी गळा दाबलाय.

सहकाराचा आदर्श म्हणून ही लाँड्री बघायला अधूनमधून माणसं यायची. त्यांच्या गळ्यात ओळखपत्रं असायची आणि डोळ्यांत पाणी. त्यांतल्या एकाने काकूंना विचारलं होतं, "इथं आल्यापासून तुम्हाला आतून काय वाटतं?"

"उकडतं," काकू म्हणाल्या. "सरका, चादर येतेय."

आदर्श वगैरे ठीक आहे, पण तो आदर्श सभेत बसून चालवावा लागे आणि सभेचं सांगायचं तर शेजारच्या केशकर्तनवाल्याचं उदाहरण पुरे. त्याच्या दुकानात नळ फुटून सगळे टॉवेल चिखलात गेले, तर लाँड्रीने ते फुकट धुऊन द्यावेत असा ठराव आला. शेजारधर्म म्हणून सगळे तयारच होते. पण फुकट म्हणजे साबणासकट की साबण त्याचा, यावर दोन तट पडले. ठराव एकमताने मंजूर होईपर्यंत त्याने नवे टॉवेल घेतले होते. तरीही एक गोष्ट खरी. मोठ्या कंपनीच्या गाड्या गल्लीत फिरायला लागल्या, तेव्हा लॉजवाला स्वस्त पडतं म्हणून तिकडे गेला. वर्षभरात कंपनीने दर वाढवले, मग लहान गिऱ्हाईकं परवडत नाहीत म्हणून गाडीच बंद केली. तेव्हा तो चादरींचं गाठोडं घेऊन मान खाली घालून परत आला. ही लाँड्री होती तिथेच होती. मालक पळून जायचे तर जाणार कुठे? ते सगळे याच गल्लीत राहत होते.

लाँड्री घेतली त्या पहिल्याच सभेत काकूंनी एक नियम करून घेतला होता. त्यामागे जुन्या मालकाचा मेहुणा होता. तो केबिनमध्ये बसून शेंगदाणे खायचा आणि सालं जमिनीवर टाकायचा. याव्यतिरिक्त त्याचं लाँड्रीत काही काम नव्हतं, मात्र नफ्यात वाटा होता. काकू उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्यात शेंगदाणे खाणारा नको. यंत्राला हात लावील तोच मालक. सलग तीन महिने ज्याचा हात कामाला लागला नाही, त्याने आपला हिस्सा परत घ्यायचा आणि घरी जायचं."

"आणि आजारी पडलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तीन महिने काय कमी झाले? एकदा सवलत ठेवली की त्या दारातून पहिला मेहुणाच आत येतो."

टाळ्या पडल्या. त्या वेळी सगळ्यांची हाडं शाबूत होती.

या नियमाचा पहिला फटका बॉयलरदादांना बसला. त्यांच्या छातीत वाफ भरली होती, दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. तीन महिने संपले तेव्हा ते सभेला आले आणि म्हणाले, "मला मत नको, वाटाही नको. नुसतं सभेला येऊन बसू द्या. घरी करमत नाही."

त्यांना नाही म्हणायचं धैर्य कुणालाच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी ते काम नेहमीसारखं झटपट उरकलं. "दादा, आज बसाल, उद्या बोलाल, परवा मत मागाल. तुमच्यासाठी नियम वाकवला तर तो दुसऱ्या दिवशी कुणासाठी वाकेल ते तुम्हालाच माहीत आहे." दादांनी मान डोलावली. लाँड्रीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. आता कुठे जायचं नाही अशा माणसाला घड्याळ द्यायची कल्पना हिशेबनिसांची. दादा ते काखेत मारून लेकीच्या गावी निघून गेले. काकूंची सून तेव्हा सुकवण्याच्या खोलीत उभी राहून रडत होती. काकू तिला म्हणाल्या, "डोळे पूस. चादरींवर डाग पडतात."

सूनही तिथलीच सभासद. घरी सासू-सून, लाँड्रीत एकीला एक मत आणि दुसरीलाही एकच, असा सगळा मामला होता. काकूंना घरात जे मिळे ते इथे मिळत नसे आणि सुनेला घरात जे मिळत नसे ते इथे मिळे. अध्यक्षपद दरवर्षी पाळीने फिरत होतं, आणि यंदा ते सुनेकडे आलं होतं. या योगायोगावर लाँड्रीने वर्षभर करमणूक करून घ्यायची ठरवली होती.

परंतुराव म्हणजे हिशेबनीस. कुठलंही वाक्य 'परंतु'ने सुरू केल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे. नियमापायी त्यांनाही दर शनिवारी यंत्राला हात लावावा लागे. ते उशांचे ओले अभ्रे यंत्रातून काढायचे, दोन बोटांनी, जणू अभ्र्यात विंचू आहे.

तर अशी ही लाँड्री, आणि तिथे काकूंचा उजवा खांदा धरला.

आधी नुसती कळ यायची. मग हात खांद्याच्या वर जाईना. काकूंनी ही गोष्ट स्वतःलासुद्धा सांगितली नाही. त्या चादर खालून धरायला लागल्या, आणि पलीकडून लांबी आपलं टोक गुपचूप ओढून चादर सरळ करायला लागली. चुण्या पडायला लागल्या. काकू चुणीबद्दल लांबीवर ओरडायच्या, लांबी मुकाट ऐकून घ्यायची. चूक काकूंची आहे हे दोघींना माहीत होतं. पुढे तेही जमेना, तेव्हा गिऱ्हाइकांशी नीट बोलणारं कुणी नाही अशी सबब काढून काकू काउंटरवर जाऊन बसल्या. काकू आणि नीट बोलणं! कुणाला शंका यायला हवी होती, पण रोलरवरच्या ओरडण्यातून सुटका झाल्याच्या आनंदात कुणी विचारच केला नाही.

भांडं फुटलं ते एका फालतू ठरावावर. चहा सभेच्या आधी द्यायचा की नंतर, एवढाच प्रश्न होता. इथे मतदान हात वर करून होई. एकदा गुप्त मतदानाची सूचना आली होती, पण कोण कुणाच्या बाजूने हात वर करतंय हे बघायची मजा गेली तर सभेला यायचं कशाला, म्हणून ती हात वर करूनच फेटाळली गेली. त्यामुळे मतदानाच्या वेळी प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या हातावर. 'चहा आधी' म्हटल्याबरोबर काकूंचा हात नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी वर गेला. फक्त तो डावा होता.

चहा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

"काकू," धुलाईवर असलेले मामा म्हणाले, "उजवा वर करा बघू."

"का? डाव्याचं मत निम्मं धरता का?"

"करा तर खरं."

काकूंनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण चेहऱ्याने त्यांचं ऐकलं नाही.

"कधीपासून?" सुनेने विचारलं. ती अध्यक्षांच्या खुर्चीवर होती, पण आवाज घरातला निघाला.

"झोपेत अवघडलाय," काकू म्हणाल्या.

डॉक्टर झोपेवर विश्वास ठेवणारे नव्हते. रोलर आता विसरा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रोलरच काय, ओले कपडे उचलणं नाही, ढकलगाडी ओढणं नाही. हलकं काहीतरी करा, म्हणाले. लाँड्रीत हलकं असं काही नव्हतं. पाण्याला वजन असतं हे डॉक्टरांना कुणी शिकवलं नसावं. आणि काउंटरवर बसणं किंवा घड्या घालणं म्हणजे यंत्राला हात लावणं नव्हे, हेही काकूंनीच कधीकाळी एकीला खडसावून सांगितलं होतं. म्हणजे तीन महिने आधीच धावायला लागले होते, आणि ते संपत होते नेमके वार्षिक सभेच्या दिवशी.

त्या संध्याकाळी घरी जेवणं झाली. काकूंचा मुलगा ताटावरून उठता उठता म्हणाला, "तुमच्या लाँड्रीतलं मला काही सांगू नका, मी बस चालवून आलोय," आणि आत निघून गेला. आपण किती शहाणे आहोत हे त्याला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. दोघी भांडी आवरत होत्या.

"परंतुराव ठराव आणतायत," सून म्हणाली. "ज्येष्ठ सभासदांनी यंत्राला हात नाही लावला तरी चालेल. मालकी राहील, मतही राहील."

"त्याला माझा एवढा पुळका कधीपासून?"

"तुमचा नाही, स्वतःचा. अभ्र्यांतून सुटायचंय त्यांना. तेही ज्येष्ठच की."

काकू एकच पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं मत?"

"अध्यक्षाला मत नसतं, आई. मतं बरोबरीत आली तरच."

"समजा आली."

"समजू कशाला?"

"मी विचारतेय म्हणून समज. तुला घरात आणली मी, लाँड्रीत आणली मी, रोलरला हात कसा लावायचा ते मी शिकवलं..."

"आणि दादांना घालवलं तेव्हा डोळे पूस म्हणून सांगितलं, तेही तुम्हीच."

यानंतर त्या दोघी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधल्या वेळात जो काही संवाद झाला तो भांड्यांच्या आवाजातून झाला.

लाँड्रीत अशा प्रसंगासाठी एक पद्धत होती. तिचा ठराव कधी झाला नव्हता, म्हणूनच बहुधा ती टिकली. ज्या दोघांचं भांडण असेल त्यांना दुहेरी चादरीची घडी घालायला एकत्र उभं करायचं. चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने. मग समोरासमोर चालत यायचं, टोकाला टोक द्यायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. रागावलेल्या माणसाकडे इतक्या वेळा चालत गेलं की राग तरी जातो, नाहीतर चादर तरी फाटते. दुपारी लांबीने दोघींचे चेहरे बघितले आणि एक शब्द न बोलता एक भली मोठी चादर आणून त्यांच्यामध्ये धरली.

चादरीच्या वजनाने काकूंचा उजवा हात कमरेच्या वर जात नव्हता. सून गुडघ्यात वाकली आणि आपली टोकं खाली घेऊन आली.

"अशी वाकलीस तर घडी तिरकी पडेल," काकू म्हणाल्या.

"तुमच्या हाताइतकं खाली येतेय."

"पायाला गोळे येतील."

"येऊ देत. तुमच्याच घरची सून आहे, शेकायला कोणी नाही हे माहीत आहे मला."

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी तिकडे पाहिलं, पण त्या पाहण्यात दम नव्हता. दोघी पुन्हा मागे गेल्या, पुन्हा जवळ आल्या. टोकं हातात देताना काकू हळूच म्हणाल्या, "मला घरी बसायचं नाही गं. मी घरी बसून काय करू? तुझ्या चुका काढत बसेन."

"ते तुम्ही इथेही करता."

"इथे निदान सगळ्यांच्या काढते. तुझ्या वाट्याला थोड्या येतात."

सून हसली नाही. चादर घडी करून तिने ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "बरोबरीत आलं तर तुम्हाला ठेवीन. आणि मग तुम्ही मला मरेपर्यंत ऐकवाल, की तू नियम मोडलास."

ऐकवलं असतंच, यात काकूंनाही शंका नव्हती.

पुढचे दिवस काकूंनी प्रचारात घातले. आयुष्यात पहिल्यांदा त्या लोकांशी गोड बोलल्या आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. मामांना त्यांनी तब्येत विचारली, तर मामा दिवसभर आरशात जीभ बघत होते. लांबीला त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुझ्यासारखं चादर धरणारं कुणी भेटलं नाही," आणि लांबीला वाटलं काकूंना काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि घरचे लपवतायत. मतं मात्र जमली. काकूंशिवाय लाँड्रीची कल्पना कुणाला करवत नव्हती, किंवा काकूंच्या तोंडावर नाही म्हणण्याची कल्पना करवत नव्हती. मतदानापुरतं दोन्हीचं फळ एकच.

वार्षिक सभा सुकवण्याच्या खोलीत भरली. यंत्रं बंद होती. दोरीवर राहिलेल्या दोन-चार चादरी बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. सून समोर बसली. परंतुराव ठराव वाचायला उभे राहिले.

"परंतु सुरुवातीलाच सांगतो," ते म्हणाले, "हा ठराव कुणा एका व्यक्तीसाठी नाही." आणि सगळ्यांनी एकदमच त्या एका व्यक्तीकडे बघितलं.

मग भाषणं सुरू झाली. मामा म्हणाले, काकू नसत्या तर आज आपण कुठे असतो. लांबी म्हणाली की काकू तिच्यावर जितक्या ओरडल्या तितकं तिची सख्खी आईसुद्धा ओरडली नव्हती, आणि तिथेच तिला रडू फुटलं. कुणी काकूंचा त्याग काढला, कुणी करारीपणा. काकू पहिल्या ओळीत बसून स्वतःबद्दल ऐकत होत्या, आणि हळूहळू त्यांना आपल्याला कुणी हार कधी घालतंय अशी भीती वाटायला लागली. हे सगळं आपल्याच फायद्याचं आहे असं त्या मनाला बजावत होत्या. मन ऐकत होतं, पण कपाळाची शीर ऐकत नव्हती. एवढा मोठा नियम मोडायला निघालेत, आणि एकाच्याही डोक्यात एक प्रश्न येऊ नये?

"विरोधात कुणाला बोलायचंय?" सुनेने विचारलं.

शेवटच्या ओळीतून नवी उठली. ती नुकतीच सभासद झाली होती, काकूंच्या जागी रोलरवर आता तीच उभी राहत होती, आणि अजून तिचं नाव पाडायला कुणाला वेळ झाला नव्हता.

"मला वाटतं," नवी म्हणाली, "म्हणजे मला काही वाटत नाही. काकू तर हव्यातच. पण नियम आहे ना... म्हणजे नियम असतो तो... नियमच असतो." आणि घाम पुसत खाली बसली.

"परंतु नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात!" परंतुराव गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

काकू उभ्या राहिल्या. आभाराचं भाषण असणार म्हणून टाळ्या आणखी वाढल्या.

"गप बसा," काकू म्हणाल्या. "नवे, ऊठ. बसलीस कशाला? विरोध असा करतात होय? नियम नियमच असतो! हे काय बोलणं झालं? यांना विचार, ज्येष्ठ म्हणजे कोण. विचार ना."

"परंतु काकू..." परंतुराव म्हणाले.

"तुम्ही थांबा. आज मी ज्येष्ठ. पुढच्या वर्षी तुम्ही. मग मामा, मग ही लांबी. चार-दोन वर्षांत या खोलीत निम्मी मतं आम्हा घरी बसलेल्यांची, आणि यंत्रावर कोण? ही नवी आणि तिच्यासारखी पोरं. बॉयलर गळायला लागला की ही म्हणणार नवा घ्या. आम्ही काय म्हणणार? कशाला, चालतोय की, नफा वाटून टाका. आमचा हात थोडाच भाजणार आहे? हिला सुट्टी हवी असेल तर आम्ही म्हणू, आमच्या वेळी नव्हती. आणि आमची मतं जास्त. ते कधी येईल कळणारसुद्धा नाही. एक दिवस ही पोरगी घामाने भिजून वर बघेल, तर केबिनमध्ये शेंगदाणे खाणारे आम्ही असू. आम्हीच. मेहुणा बाहेरून यायची गरज काय?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. काकूंनी तिकडे डोळे वटारले.

"आणि त्या दादांनी," काकू खाकरून म्हणाल्या, "त्यांनी तर मतही मागितलं नव्हतं. नुसतं बसायचं म्हणत होते. त्यांना मी काय तोंड दाखवू? आता बोल, नवे. हे तू बोलायचं. मी का बोलतेय?"

नवीने मान हलवली.

मामांनी भीत भीत विचारलं, "म्हणजे काकू, तुम्ही ठरावाच्या विरोधात?"

"विरोधात कशी असेन? मला राहायचंय इथं," काकू ताडकन म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सुनेने ठराव मताला टाकला. बाजूने कोण, असं तिने विचारलं तेव्हा काकूंचा डावा हात वर गेला. परंतुरावांचा हात खांद्यापर्यंत आला, त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्याच हाताने कान खाजवला. विरोधात कोण, म्हटल्यावर सगळ्यांनी खाली मान घालून हात वर केले. मामांनी डोळे मिटून घेतले होते. लांबी रडतच होती, पण तिचा हात सगळ्यांत उंच होता, आणि त्याला तिचा इलाज नव्हता.

"ठराव नामंजूर," सून म्हणाली. तिने ते एकदा पुटपुटत म्हटलं आणि मग सभेला ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.

इथे सभा संपली असती तर बरं झालं असतं, पण पत्रिकेवर पुढचे विषय होते. सभासद नसलेल्या माणसाला सभेत बसता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काकूंना सांगायला तयार नव्हतं. परंतुराव कागद चाळत राहिले. नवी जमिनीकडे बघत होती. काकू पहिल्या ओळीत ताठ बसलेल्या. त्या आपणहून उठणार नव्हत्या. हाकलणाऱ्याने हाकलावं, एवढी तरी शिस्त लाँड्रीत असावी असं त्यांचं म्हणणं असावं.

शेवटी सून खुर्चीवरून उठून त्यांच्यापाशी आली.

"आई, बाहेर बसा."

"एवढ्या हळू? मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"आई, बाहेर बसा," सून मोठ्याने म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते पुसायला काकूंनी सांगितलं नाही.

काकू उठल्या. चालता चालता दोरीवरची एक चादर त्यांनी सवयीने सारखी केली, मग आपल्याला तो अधिकार राहिला नाही हे आठवून हात मागे घेतला, आणि मग चुणी दिसतच होती म्हणून ती सारखी केलीच.

बाहेर काउंटरसमोर गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होता. इतक्या वर्षांत काकू त्यावर कधी बसल्या नव्हत्या. मालकाला बसायला वेळ कुठे असतो? त्या टेकल्या आणि लगेच उठल्या. फळीतून एक खिळा वर आला होता.

"बाकाला खिळा आलाय!" त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या.

आतून परंतुरावांचा आवाज आला, "परंतु सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही."

"मी गिऱ्हाईक म्हणून बोलतेय!"

आत कुजबुज सुरू झाली. गिऱ्हाइकाची तक्रार चालू सभेत घ्यायची की पत्रिकेवरचे विषय संपल्यावर, यावर दोन मतं पडली. मामांचं म्हणणं आत्ता घ्यावी. परंतुरावांचं म्हणणं आधी खिळा ठोकायचा की फळीच बदलायची ते ठरवावं, कारण फळी बदलायची तर सुताराला बोलवावं लागेल, आणि सुतार बोलवायचा तर तो आपल्या गल्लीतलाच असावा की नाही, हाही एक मुद्दा आहे. मग एक नवाच आवाज उठला, जरा कापरा पण सगळ्यांच्या वरचा. "मुद्दा कसला? लोकांचे कपडे फाटतायत!" ती नवी होती. तिला कुणीतरी गप्प करायला गेलं, तर ती आणखी मोठ्याने बोलायला लागली.

काकूंनी पायातली चप्पल काढली आणि टाचेच्या दोन फटक्यांत खिळा आत ठोकला. मग बाकावर बसून त्यांनी चप्पल पायात सरकवली. आत चर्चा अजून रंगात आली होती.